गणपतीची भिंत घरीच रंगवताना : ओल आणि चुना

आमच्याकडे सिंधुदुर्गात गणपतीमागची भिंत दरवर्षी नव्याने रंगते. चित्र काढणं सोपं, भिंत खरवडणं त्याहून सोपं. सगळं अडतं ते ओलीपाशी. चतुर्थी ऑगस्टात आली (2025 मध्ये 27 ऑगस्टला होती) की भिंतीला सुकायला उसंतच मिळत नाही, आणि नेमकं तेव्हाच दुकानात 'आतून वॉटरप्रूफचा हात मारा, निर्धास्त व्हा' असं सांगून महागडा डबा गळ्यात मारतात. या सल्ल्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत जोत्यातून पाणी वर ओढते. आतून प्लास्टिकसारखा थर दिला की पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. मग ते आणखी वर चढतं, रंगाला फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. पुट्टीचंही तेच. ओल्या किंवा भुसभुशीत भिंतीवर ती धरत नाही, पत्र्याने जरा उचकटली की अख्खी ढलपी हातात येते.

म्हणून आधी ओल कुठून येते ते बघा. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने घट्ट चिकटवून एक दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीकडे आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला आले तर खोलीतली हवाच दमट आहे. पंखा लावा, खिडकी उघडा, भागेल.

पाणी भिंतीतलंच असेल तर आत काही करण्याआधी बाहेर जा. जोत्याला टेकलेली माती ओढून काढा. पन्हळीचा सांधा गळतोय का, पागोळ्या पायथ्याशी उडतात का, ते भर पावसात उभं राहून बघायचं, उन्हात काही कळत नाही. पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या चुडतांचे झाप बांधायची जुनी रीत उगाच नव्हती. पांढरा खार फुटला असेल तर तो कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करा. धुऊ नका, धुतला की मीठ विरघळून परत भिंतीत जातं आणि सुकल्यावर पुन्हा वर येतं.

एवढं करूनही जराशी ओल राहतेच. त्यावर उपाय चुना, कारण त्यातून वाफ बाहेर पडू शकते. 1 किलो कळीच्या चुन्याला साधारण 5 लिटर पाणी लागतं. लोखंडी बादलीत आधी पाणी घ्या आणि चुना थोडा थोडा टाका. तो खदखदून उकळतो, डोळ्यांत उडाला तर इजा होते, तेव्हा चष्मा हवाच आणि पोरांना लांब ठेवा. 24 तास भिजू द्या, मग जाड्याभरड्या फडक्यातून गाळा. गाळलेल्या 10 लिटर चुन्याला 40 ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला, नाहीतर भिंतीला टेकलं की पाठ पांढरी होते. नीळ किलोभर चुन्याला 3 ग्रॅमपर्यंतच. पातळ तीन हात द्यायचे, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. पहिला हात फिका दिसला म्हणून चुना दाट करू नका, दाट थराला भेगा पडतात. तो वाळतानाच पांढरा होत जातो.

राहिलंच : आधीचा ऑइलपेंट असेल तर तो पूर्ण खरवडल्याशिवाय चुना धरणार नाही.

रंग हवा असेल तर चुन्यात गेरू किंवा पिवडी मिसळा, मातीचे रंग चुन्यात टिकतात. सगळा रंग एकाच बादलीत कालवा; दुसऱ्यांदा तीच छटा जमत नाही. वाळल्यावर रंग बराच फिका होतो, म्हणून आधी कोपऱ्यात लावून बघा.

चित्रासाठी जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर वेलबुट्टी काढून ब्लेडने कापा. स्पंज रंगात बुडवून कागदावर निथळवा आणि मगच टिपा; ओला स्पंज फिल्मखाली पसरतो. सरळ पट्ट्यासाठी नीळ लावलेली दोरी दोघांनी ताणून एकदाच सोडायची.

माटवी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट) बांधायचे खिळे मात्र चुन्याचा पहिला हात देण्याआधीच ठोका. नंतर ठोकलेत तर खिळ्याभोवतीचा चुना टवका होऊन निघतो, आणि तोही नेमका मूर्तीच्या डोक्यावर.