टाकीतला फ्युएल पंप घरीच बदलला

गाडी जुनी, पण इंजिन ठणठणीत. कुरकुर सुरू झाली ती चढावर. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की धक्के खायची, पाय जरा सैल केला की पुन्हा शहाण्यासारखी चालायची. पुढे गरम गाडी बंद करून लगेच सुरू करायला गेलं की नुसता सेल्फ फिरायचा. तासाभराने मात्र पहिल्या फटक्यात चालू.

ज्याला सांगावं तो म्हणायचा, पंप गेला. असेलही. पण टाकी उघडण्याआधी खात्री करून घ्यावी, या मताचा मी आहे. फ्यूज शाबूत होता. रिले, म्हणजे पंपाला वीज देणारा स्विच, शेजारच्या तशाच रिलेशी अदलाबदल करून पाहिला, फरक शून्य. चावी ऑन केली की दोनेक सेकंद पंपाचा आवाज येतो, तोही येत होता, फक्त किरकिरा. म्हणून पेट्रोलच्या लाइनला दाब मोजणारा प्रेशर गेज लावला. या इंजिनाला ३ बार दाब लागतो, काटा २ च्या पुढे सरकेना. आणि इंजिन बंद केल्याबरोबर तो धाडकन शून्यावर आला. पंपातला चेक व्हॉल्व्ह दाब धरून ठेवतो, तोच गेला होता. दाब नसला की गरम लाइनमधल्या पेट्रोलची वाफ होते, मग गरम गाडी पकडणार कशी? इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर गळका असला किंवा दाब ठरावीक ठेवणारा प्रेशर रेग्युलेटर बिघडला तरी दाब असाच सुटतो, म्हणून ते दोन्ही तपासले. चांगले निघाले.

जाता जाता पंप चालू असताना कनेक्टरवर व्होल्टेज मोजलं. बॅटरीवर १२ च्या वर, इथे जेमतेम १०. ही नोंद पुढे कामी आली.

टाकी मुद्दाम जवळजवळ रिकामी होऊ दिली होती. भरलेल्या टाकीचं झाकण काढलं तर पेट्रोल थेट सीटखाली. काम उघड्यावरच केलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. त्यामुळे बंद गॅरेज नको, तारेचा बल्ब नको, व्हॅक्यूम क्लीनर तर नकोच. अग्निशामक हाताशी ठेवला. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे लाइनमधला दाब उतरला. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली.

माझ्या गाडीत मागच्या सीटखाली झाकण आहे, हे नशीब. कित्येक गाड्यांत आख्खी टाकी उतरवावी लागते. ते काम जॅकवर एकट्याने करू नये असं मला वाटतं. झाकणाभोवती वर्षानुवर्षांची धूळ घट्ट बसलेली होती. ती ब्रशने आणि ओल्या फडक्याने आधी काढली, नाहीतर सगळी टाकीत. पंपाचा संच टाकीला आवळून धरणारी लॉक रिंग पितळी दांडा आणि लाकडी मोगरी घेऊन हळूहळू फिरवली. लोखंडावर लोखंड आपटायची ही जागा नव्हे.

पंपाचा संच सरळ वर ओढायचा नाही, तिरका करत काढायचा. पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या फ्लोटची दांडी अडकून वाकली की पेट्रोलचा काटा कायमचा खोटं बोलतो. बाहेर आल्यावर तळाची जाळी पाहिली तर काळी कुळकुळीत, बोटाने दाबली की तपकिरी गाळ सुटत होता. कनेक्टरमध्ये एका पिनेभोवतीचं प्लास्टिक करपून चॉकलेटी झालेलं, पिन सैल. ते हरवलेले व्होल्ट इथेच जळत होते. नुसता पंप बदलला असता तर तोही उपाशीच चालला असता. पिन आणि वायरचा तुकडा दोन्ही नवे घातले.

संचाच्या आतली छोटी होजही बदलली. इथे साधी पेट्रोलची होज चालत नाही. तिचं बाहेरचं रबर पेट्रोलात बुडून राहण्यासाठी बनवलेलं नसतं, ते मऊ पडून फुटतं. बुडणारी वेगळी होज येते, एसएई ३०आर१० लिहिलेली. ती आणि इंजेक्शनसाठीचे क्लॅम्प यांत काटकसर करू नये. टाकीवरचं सीलही नवंच. जुनं बाहेर काढलं तेव्हाच फुगलं होतं, खाचेत परत बसेना.

सगळं जागेवर बसवलं, झाकणावरची बाणाची खूण जुळवली, बॅटरी जोडली. सेल्फ न मारता चावी काही वेळा ऑन-ऑफ केली, तेवढ्यात लाइन भरली. जोडांवर ओल नाही हे पाहिलं आणि मगच इंजिन सुरू केलं. गेजवर ३ बार, बंद केल्यावरही काटा जागचा हलेना.

सीट मात्र लगेच बसवली नाही. आधी टाकी काठोकाठ भरून सील पुन्हा पाहिलं, कारण अर्ध्या टाकीत गळकं सीलही कोरडंच दिसतं. आता पाव टाकीच्या खाली जाऊ देत नाही. पंपाला गार ठेवतं ते भोवतालचं पेट्रोलच.