भरती-ओहोटीच्या ॲपला ओहोटी लागते तेव्हा

महिन्याला सात-आठशे रुपये देणारं ॲप चालू ठेवावं का, हे नुसती कमाई बघून ठरवता येत नाही. प्ले स्टोअरची 25 डॉलरची फी एकदाच भरायची असते, ती केव्हाच वसूल झालेली असते. सर्व्हर नसेल तर खर्चही नाही. मग राहू दे की पडून! पण ॲप नुसतं पडून राहत नाही, दर वर्षी काम काढतं. हिशेब त्या तासांचा.

समजा, गोव्याच्या किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं ॲप आहे, खाली जाहिरातीची पट्टी. जुलैचे आकडे बघून ते मेलं असं ठरवू नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, मालीमच्या जेटीवर ट्रॉलर बांधलेले असतात, वापर पडणारच. पूर्ण बारा महिन्यांचे आकडे घ्या, आणि डाउनलोडपेक्षा रोज उघडणारे किती ते बघा. जाहिरातींचे 100 डॉलर साठल्याशिवाय गुगल पैसे सोडत नाही, म्हणजे या कमाईत हाती काही पडायला जवळपास वर्ष जातं.

आता काम. नवं अपडेट द्यायचं तर ॲपने अलीकडच्या अँड्रॉइडला टार्गेट केलेलं लागतं, म्हणजे ते त्या आवृत्तीसाठी बनवलेलं लागतं, आणि ती अट दर वर्षी 31 ऑगस्टच्या सुमारास पुढे सरकते. 2025 मध्ये ती अँड्रॉइड 15 वर, म्हणजे एपीआय 35 वर आली (एपीआय म्हणजे इथे अँड्रॉइडच्या आवृत्तीचा क्रमांक). त्या वर्षी चवथ (गणेश चतुर्थी) 27 ऑगस्टला होती. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायची की ग्रेडल या ॲप बिल्ड करायच्या साधनाशी झुंजायचं? (प्ले कन्सोल या डेव्हलपरच्या पानावरून 1 नोव्हेंबरपर्यंत मुदतवाढ मागता येत होती.) आकडा 34 चा 35 करणं मिनिटाचं काम. पण 35 केल्यावर अँड्रॉइड 15 च्या फोनवर ॲपचा पडदा वरपासून खालपर्यंत पसरतो, आणि तळाची जाहिरात फोनच्या तीन बटणांच्या पट्टीखाली जाते. मागे जायला बोट लावलं की जाहिरातीवर पडण्याची भीती. असे चुकीचे क्लिक खात्याच्या अंगाशी येतात. म्हणून प्रत्येक स्क्रीनला इनसेट, म्हणजे कडेची मोकळी जागा, द्यावे लागतात.

त्याहून वाईट म्हणजे 16 केबी पेज साइजची अट (फोन मेमरीचे तुकडे केवढे पाडतो, ती पेज साइज). ॲपमध्ये सी++ची जुनी .so फाईल (तयार लायब्ररी) असेल तर ती एनडीके या गुगलच्या सी++ साधनसंचाच्या आर28 किंवा त्यापुढच्या आवृत्तीने पुन्हा बिल्ड करावी लागते. लायब्ररी दुसऱ्याची असेल आणि त्यानेच ती वाऱ्यावर सोडली असेल, तर पर्यायी लायब्ररी शोधून अर्धं ॲप पुन्हा लिहायचं. काम दोन दिवसांत उरकत असेल तर करावं. लायब्ररीच बदलायची वेळ आली की थांबावं. आयफोनची आवृत्ती असेल तर दर वर्षी 99 डॉलर जातात, तेव्हा पहिली कुऱ्हाड तिथेच.

काहीच केलं नाही तर ॲप लगेच जात नाही. ते फार मागे पडलं की नव्या अँड्रॉइडच्या फोनवर नवीन लोकांना दिसेनासं होतं, जुने वापरत राहतात. इथेच धोका आहे. भरतीचं कोष्टक डिसेंबरला संपलं आणि ॲप गेल्या वर्षीच्या वेळा दाखवत राहिलं, तर तिसवऱ्या (शिंपले) काढायला उतरलेला माणूस पाण्यात सापडेल. म्हणून शेवटचं अपडेट द्याच: शेवटची तारीख उलटली की वेळांच्या जागी कोरा चौकोन आणि ‘हे ॲप आता बंद आहे’ अशी ठळक ओळ. हे काम मुदतीच्या आत उरका. नंतर हेच छोटं अपडेट चढवायलासुद्धा टार्गेट वाढवावं लागतं.

सबस्क्रिप्शन असेल तर त्याची नवी विक्री आधी थांबवा आणि चालू असलेली रद्द करा. नुसतं अनपब्लिश केल्याने, म्हणजे ॲप स्टोअरवरून काढल्याने, ती रद्द होत नाहीत, लोकांचे पैसे कापले जातच राहतात. त्यानंतर अनपब्लिश. ज्यांच्या फोनवर आहे त्यांच्याकडे ॲप राहतं.

डेव्हलपर खातं मात्र बंद करू नका. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला नवं ॲप आणण्याआधी 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. जुन्या खात्याला ती कटकट नाही. कीस्टोअरची फाईल (अपडेटवर सही करायची डिजिटल किल्ली) पासवर्डसकट दोन ठिकाणी ठेवा. एकदा वापरलेलं पॅकेजचं नाव, म्हणजे ॲपची स्टोअरमधली ओळख, नव्या ॲपला मिळत नाही, त्यामुळे पुढेमागे हेच ॲप उठवायचं झालं तर ती फाईल लागेल.