निखळलेला चौकोन

जपून ठेवलेल्या जुन्या गल्ल्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. तिथे कुणाचा टॉवेल वाळत नसतो. सगळं कसं पाहुणे येणार म्हणून आवरून ठेवल्यासारखं. फिलिपिन्समधल्या विगानला निघतानाही मनात हीच खुसपट होती. मनिलाहून रात्रीच्या बसने सुमारे ४०० किलोमीटर उत्तरेला जायचं, अंग आंबवून घ्यायचं, आणि पाहायचं काय, तर स्पॅनिश लोकांनी १५७२ मध्ये वसवलेलं गाव. १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे म्हणे. म्हणजे टॉवेलाची आशा सोडायचीच.

काल्ये क्रिसोलोगो हा तिथला मिरवणारा रस्ता. मोटारींना बंदी, घोड्यांच्या कालेसांना मोकळीक. पायाखाली धोंडे, त्यामुळे एका दुकानाच्या पाटीवर ‘सापातोस’ वाचलं तेव्हा माझं लक्ष आधी स्वतःच्या पायांकडेच गेलं. सापातोस म्हणजे बूट. आपल्या सपातांची सख्खी मावसबहीण! आमच्याकडे पोर्तुगीज येऊन राहिले, यांच्याकडे स्पॅनिश. पाहुणे गेले, चपला दारात राहिल्या.

दुपारी एका भिंतीच्या सावलीत एम्पानाडा खात उभी होते. तांदळाच्या पिठाची पारी, शेंद्रीने केशरी झालेली. आत कच्ची पपई, अंडं आणि सॉसेज. वर झणझणीत व्हिनेगर. तोंड पोळलं म्हणून मान वर केली आणि समोरच्या माडीची खिडकी दिसली. खाली विटांची जाड भिंत, वर सगळं लाकूड, आणि खिडकीला काचेऐवजी शिंपले. चपटे, पातळ, चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवलेले. तिथे त्यांना कापीस म्हणतात.

मला काही म्हणावं लागलं नाही. आमच्या आजोळी, गोव्यात, अशीच जनेलं होती. फरक एवढाच, की विगानची बाजूला सरकतात आणि आमची बिजागरीवर उघडत. उजेड तोच. ताकाच्या निवळीसारखा. त्या उजेडात मे महिन्याच्या दुपारीही घर पहाटेचं वाटायचं, आणि झोपायला कुणी सांगितलं की आम्हा पोरांना ते खोटं वाटायचं नाही.

त्यातला एक शिंपला मी फोडला. मानकुरादची बाठ मावसभावाला मारली होती, तो वाकला. शिंपला काचेसारखा खळ्‌कन फुटत नाही. पापुद्रे सुटून पापडासारखा मोडतो. मार बसेल म्हणून मी माळ्यावर जाऊन बसले. कुणी शोधायलासुद्धा आलं नाही, हा अपमान वेगळाच.

पण त्या भोकातून दुपारी लाल कोब्यावर उन्हाचा एक चौकोन पडायला लागला. आजीने दोन-तीन दिवस तो नुसता बघितला. मग तिने चटई सरकवली. पाय जनेलाकडे, डोकं आत. ती पडायची तेव्हा चौकोन तिच्या गुडघ्यांवर असायचा. मग पोटावर, मग गळ्यातल्या काळ्या पोतीवर. साडेतीनच्या सुमाराला डोळ्यांवर आला की आजी उठायची आणि चहाचं आधण ठेवायची. घरात लंबकाचं घड्याळ होतं, पण ते आजोबांचं. मामा नवा शिंपला घेऊन आला तेव्हा आजी म्हणाली, “आसूं दी रे, म्हाका ताची संवय जाल्या.” पावसाळ्यात भोकात फडक्याचा बोळा, बाकी आठ महिने ऊन. आजी गेल्यावर तिथे अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या. त्या चांगल्या आहेत. डास येत नाहीत.

विगानच्या त्या खिडकीतही एक चौकोन निखळलेला होता. उजवीकडून तिसरा, खालून दुसरा. २०२२ च्या जुलैत इथे मोठा भूकंप झाला, जुन्या घरांना त्याची झळ बसली. त्यातच गेला असेल. किंवा बाठीने. आंबे तिथेही भरपूर. दुरुस्तीला माणूस मिळाला नसेल, की आतून कुणी ‘असू दे’ म्हणालं असेल?

ऊन समोरच्याच भिंतीवर होतं, भोकावर सरळ. मी एम्पानाडाचा तेलकट कागद हातात धरून उगीच थांबले. एक कालेसा गेली, दुसरी गेली. टोपी घातलेला गाडीवाला दोनदा विचारून गेला, फिरवू का म्हणून. साडेतीन झाले. पावणेचार. वर काही हललं नाही. भांडं वाजलं नाही.

तिथे कुणी राहतं की नुसतीच जपून ठेवलेली माडी आहे, कोण जाणे. मी चहा शोधायला निघाले. मिळाली कॉफी.