ड्यू पॉइंट गडबडला? मीटरला शिव्या देण्याआधी नळी बघा

कारखान्यातली कॉम्प्रेस्ड हवा किती कोरडी आहे ते ड्यू पॉइंट सांगतो, म्हणजे तिच्यातली वाफ ज्या तापमानाला दव किंवा बर्फ होऊन जमायला लागते ते; जितका खाली तितकी हवा कोरडी. नागपूरजवळच्या एमआयडीसीत, हिंगणा असो की बुटीबोरी, जुलै लागला की फोन सुरू होतात, भाऊ, हवा सुकवणारा ड्रायर उणे ४० अंशांचा आहे अन् मीटर उणे २२ दाखवून राहिलं, मीटर गेलं वाटते. जाऊन बघावं तर मीटर ठणठणीत, पण हेडरपासून, म्हणजे हवेच्या मुख्य पाइपापासून, मीटरपर्यंत ती निळी पीयू (पॉलियुरेथेन) नळी लोंबकळत असते, न्यूमॅटिक सिलिंडरला लावतात ना तीच.

मग ठरलेला प्रश्न येतो: आत ७ बार प्रेशर आहे, बाहेरचा ओलावा आत शिरणार कसा बाप्पा? शिरतो. वाफेला एकूण प्रेशरशी काही देणंघेणं नसतं, तिचं स्वतःचं पार्शल प्रेशर, म्हणजे एकूण प्रेशरमधला तिचा वाटा, जिकडं कमी तिकडं ती जाते. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत ते ३० मिलिबारच्या आसपास असतं आणि उणे ४० च्या लाइनीत जेमतेम ०.१३, म्हणजे दोनशे पटीहून जास्त फरक, त्यामुळे पीयू, नायलॉन, रबर सगळ्यांतून वाफ आत झिरपते, आणि ढिल्या फिटिंगमधून हवा बाहेर जात असली तरी वाफ उलटी आत येते. म्हणून एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील) ची पाव इंची ट्यूब टाका, आतून स्वच्छ, होईल तेवढी आखूड. पीटीएफई (टेफ्लॉन) नाइलाज असेल तरच.

एसएसवर पण पाणी चिकटतंच, फक्त कमी. मे महिन्यात टिनाच्या शेडखाली दुपारी ट्यूब तापली की चिकटलेलं पाणी सुटतं अन् रीडिंग बिघडतं, रात्री परत सुधारतं, आणि लोक ड्रायरचं डेसिकंट (ओलावा शोषणारे दाणे) बदलायला काढतात! रीडिंग उन्हाबरोबर वरखाली होत असेल तर आधी ट्यूबवर संशय घ्या.

टॅपिंग, म्हणजे मीटरसाठी हवेचं सॅम्पल काढायची जागा, हेडरच्या वरच्या अंगाने घ्या, खालून घेतलं तर पाणी न् तेल फुकटात येतं. सॅम्पल सेन्सरवरून वाहत गेला पाहिजे, बंद टोकाच्या टीमध्ये सेन्सर खुपसला तर तिथली जुनीच हवा मोजत बसाल.

सॅम्पलचा प्रवाह कमीजास्त करणाऱ्या नीडल व्हॉल्व्हवरून तर लय भांडणं होतात. व्हॉल्व्ह सेन्सरच्या नंतर असेल तर सेन्सर लाइनीच्या प्रेशरला राहतो आणि प्रेशर ड्यू पॉइंट मिळतो, आधी असेल तर तीच हवा वातावरणाच्या प्रेशरला मोजली जाते आणि उणे ४० च्या जागी उणे ५७ च्या आसपास दिसते. दोन्ही खरेच, पण रिपोर्टमध्ये कोणतं ते लिहा ना राजेहो. आणि सेन्सर वातावरणाच्या प्रेशरला असेल तर बाहेर सोडायच्या तोंडाला मीटरभर ट्यूब गुंडाळून लावा, नाहीतर ओलावा मागून शिरतो.

हवा थंड करून सुकवणाऱ्या रेफ्रिजरेशन ड्रायरच्या अधिक ३ अंशांसाठी एवढा लाड लागत नाही.

नवी ट्यूब जोडल्या जोडल्या रीडिंग लिहू नका, रात्रभर वाहू द्या, आकडा सपाट झाला की मग घ्या. तोवर ऑडिटर ताटकळत असेल तर त्याला तर्री-पोहे खायला घेऊन जा.