खोडलेलं

दुपारी मावसबहिणीला विचारलं, "दिवाळीला येतेस ना?" वर 'टायपिंग' उमटलं, गेलं, पुन्हा उमटलं. बराच वेळ ही उघडझाप चालली आणि शेवटी आला अंगठा. एवढ्या खटपटीतून नुसता अंगठा! मधे काय काय लिहून पुसलं असेल बाईने?

पुसलेलं वाचायची ही हौस आमच्या घराण्यातच असावी. आजी आईकडून मामाला पत्र लिहवून घ्यायची. "लिही, गुडघे फार दुखतात. नको, खोड ते. तब्येत बरी आहे म्हणून लिही." अंतर्देशीय पत्र एकच, त्यामुळे नवीन कागदाचा प्रश्नच नव्हता. आई खोडायची, पण एकाच बारीक रेघेने. मामाच्या उत्तरात पहिली चौकशी गुडघ्यांची!

कॉलेजात, नव्वदच्या दशकात, युनिक्स या संगणकप्रणालीच्या लॅबमध्ये 'टॉक' हा टाइप करून गप्पा मारायचा प्रोग्रॅम भेटला. मित्राचं लॉगिन टाकलं की त्याच्या टर्मिनलवर बीप वाजायचा. त्याने उलट टॉक केलं की पडद्याचे दोन भाग. वर आपण, खाली तो. 'पाठवा' असं काही नव्हतंच. अक्षर दाबलं की तिकडे उमटलं, मागे घेतलं की तिकडेही पुसलं गेलं. मराठी अर्थातच रोमनमधून. अर्धी शिवी टाइप करून एकदम सभ्य झालेला माणूस दिसायचा. वाक्य मधेच तुटलं की समजायचं, लॅब असिस्टंट त्याच्या मागे येऊन उभे आहेत.

हे टॉक 1983 च्या 4.2 बीएसडीतलं, म्हणजे बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सच्या आवृत्तीतलं. पण त्याच्याही आधी, 1973 मध्ये, इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणकावरून शिकवायच्या यंत्रणेवर टॉकोमॅटिक होतं. एका चॅनलवर पाच जण, प्रत्येकाला पडद्यावर आपापली जागा, आणि पाचांचीही अक्षरं एकाच वेळी पळताहेत. लग्नघरात पाच मावश्या एकदम बोलतात, तसं. पुढे 2009 मध्ये गूगलने वेव्ह या आपल्या संवादसेवेत हा प्रकार परत आणला आणि 2010 मध्ये त्याचं काम थांबवलं. कारणं बरीच असतील. पण आपला विचार चालू असताना कुणी खांद्यावरून डोकावलेलं कुणाला आवडतं?

मला आवडायचं. म्हणजे, डोकावायला.

सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी एका वर्गमित्राने टॉक लावलं. खालच्या अर्ध्यात आलं, 'होस्टेलवर घरून फोन होता, बाबांना ऍडमिट केलं...' मग सगळं एकेक अक्षर करत मागे गेलं. जरा वेळाने नवीन ओळ आली, 'जर्नल झालं का रे?'

मी काहीच टाइप केलं नाही. उठून त्याच्या रांगेत गेलो, त्याची पिशवी उचलली. स्टँडवर साताऱ्याची शेवटची गाडी मिळाली. जर्नल दोघांचीही राहिली.