गिटारनं गंधार सोडला तेव्हा

माझा स्टुडिओ सांगलीत, विश्रामबागच्या बाजूला. पोटापाण्याचं काम म्हणजे भजनी मंडळांच्या गौळणी, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक आणि साखर कारखान्याची निवडणूक लागली की पॅनेलची गाणी. त्यामुळे रॉक बँड आला की माझी चंगळ असते. हा बँड इथल्याच पोरांचा. पहिला अल्बम त्यांनी एका मित्राच्या रिकाम्या गाळ्यात उरकला. हातात पैसा नव्हता म्हणून जास्तीचं काही घालता आलं नाही, आणि म्हणूनच तो चांगला झाला, असं माझं आपलं मत. लोकांना आवडला. मग दुसऱ्याच्या वेळी एकेकाला बेत सुचायला लागले.

हरिपूरच्या हळदीच्या पेवात स्पीकर सोडायचा आणि ड्रमचा घुमारा पकडायचा, हा पहिला बेत. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार, तोंड अरुंद, आत हवा खेळत नाही. 2005 च्या पुरानं त्यातली बरीच निकामी केली. मी सरळ नाही म्हणून टाकलं. दुसऱ्या बेताला मात्र मीही भुललो: बारा मिनिटांचं एकच गाणं, खाली चार तंबोरे आणि वर डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज, लावलेली गिटार.

तंबोरे अर्थातच मिरजेहून आले. सोबत ते बनवणारे चाचा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण चाचांना त्याचं कौतुक बेताचंच. ‘कागद आला, पोरं कुठं आली शिकायला?’ एवढं बोलून ते खाली बसले आणि जवारीला, म्हणजे तारांचा झंकार जुळवायला लागले.

हे काम पाहावं असं असतं. तार घोडीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या पट्टीवर, टेकते तिथं खाली एक बारीक दोरा सरकवतात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला किंचित उतार असतो. दोरा बरोबर जागी आला की तार त्या उतारावर घासत थरथरते आणि एका सुरातून वरचे सूर फुलायला लागतात. केसभर इकडे गेला तर आवाज मुका, केसभर तिकडे गेला तर नुसती झणझण. चाचा अंगठ्याच्या नखानं दोरा ढकलत होते, मधेच कान भोपळ्याला लावत होते. एसी बंद, पंखा बंद, कारण माइक सगळंच ऐकतो. घामानं बोट ओलं झालं की ते पंचाला पुसायचे आणि पुन्हा सुरू.

पट्टी पांढरी दोन ठेवली होती, म्हणजे सा डी या सुराला. गिटारची जाड तार त्यासाठी डी वर उतरवलेली, म्हणजे 73.4 हर्ट्झ, सेकंदाला तितकी कंपनं. तंबोऱ्याचा पितळी खर्ज, म्हणजे खालचा सा, तोही तिथंच. कागदावर हिशोब चोख. चारही तंबोरे सुरू झाले, खोली भरली, ड्रमर काठ्या खाली ठेवून नुसता बसून राहिला. मग गिटारवाल्यानं पहिला डी मेजर, म्हणजे सा, गंधार आणि पंचम एकदम, मारला आणि मी हेडफोन काढला.

वाव्‌-वाव्‌-वाव्‌. सुरात पडलेला खड्डा म्हणा. केबल बदलली, अँप बदलला, पोरानं गिटार पुन्हा जुळवली. तेच.

चाचा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, ‘पोरा, तुझा गंधार चढलाय.’

‘चाचा, ट्यूनर हिरवा दाखवतोय की.’

‘असू दे की हिरवा. कान काय दाखवतोय ते बघ.’

गोम इथंच होती. खर्जाच्या तारेतून आपोआप उमटतो तो स्वयंभू गंधार म्हणजे खर्जाची पाचपट, 367 हर्ट्झ. गिटारचे फ्रेट, म्हणजे पडदे, सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून ठोकलेले असतात, त्यामुळे पहिल्या तारेवरचा तोच गंधार निघतो 370 ला. फरक तीनचा, म्हणून सेकंदाला तीन हेलकावे. सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारचे नाहीत. आणि डिस्टॉर्शन असली तफावत झाकत नाही, उलट चव्हाट्यावर आणतं.

गंमत म्हणजे हे भांडण आमच्या भागाला नवं नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी शतकापूर्वी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या मदतीनं श्रुती, म्हणजे सप्तकातले बारीक सूर, मोजल्या, 1910 मध्ये त्यावर पुस्तक काढलं, आणि पुढे क्लेमंट्स या इंग्रज सनदी अधिकाऱ्यासोबत श्रुतींची पेटी करण्याचा खटाटोप केला. बाजारातल्या पेटीचे सूर तंबोऱ्याशी जुळत नाहीत, हेच त्यांचंही दुखणं. खाँसाहेब मिरजेतच राहिले, दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलंय. चाचांनी त्या दिशेला नुसता हात केला, जणू साक्षीदार शेजारच्या गल्लीत राहतो.

बेसवाला म्हणाला, तंबोरेच कॉम्प्युटरवर जरा चढवून टाकू. चाचा काही बोलले नाहीत, पंचा खांद्यावर टाकून उठायला लागले. मी बेसवाल्याला चहा सांगायला पाठवलं.

मग गिटारवाल्यालाच सुचलं. त्यानं गंधाराची ती पहिली तार वाजवायचीच सोडली. नुसता सा आणि प, म्हणजे पॉवर कॉर्ड. पंचमात तंबोरा आणि गिटार यांच्यात फरक इतका नगण्य असतो की कानाला कळतही नाही. पुन्हा मारला. खड्डा गेला, आणि गंधार तरीही ऐकू येत होता! तंबोऱ्यातून तर येतच होता, पण गिटारच्या जाड तारेतही पाचपटीचा सूर असतोच, तो डिस्टॉर्शननं वर काढला आणि तो तंबोऱ्याला जाऊन चिकटला. कुणीच न वाजवलेला सूर सगळ्यात मोठा. चाचांनी मान डोलावली, चहाचा कप उचलला.

खरी पंचाईत पुढेच झाली. गाणाऱ्या मुलीनं त्यावर टेक दिला. आधीच्या गाण्यांत सॉफ्टवेअर तिचा गंधार कायम चौदा सेंट उतरलेला दाखवायचं; सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. गिटारवाला तिला त्यावरून सारखा टोकायचा आणि मी मुकाट्यानं पिच करेक्शन मारून तो वर ओढायचो. बाई लहानपणापासून तंबोऱ्यावर शिकलेली. आज स्क्रीनवरची रेघ तशीच चौदा खाली, आणि आवाज तंबोऱ्यात असा मिसळलेला की कुठं सुरू झाला ते कळेना.

तिनं रेघेकडे बघितलं, मग गिटारवाल्याकडे, मग माझ्याकडे. म्हणाली, ‘दादा, आधीच्या सगळ्या गाण्यांवरचं ते करेक्शन काढा.’

ती गाणी गिटारवर बेतलेली, तिथं तंबोरा नाही, तिथं गिटारवाल्याचं म्हणणंही चुकीचं नाही, हे मी सांगून बघितलं. ऐकत नाही. सध्या एकेका ओळीवर दोघांना समोरासमोर बसवून मिक्स चाललंय.