पऱ्हाटीचा कोळसा आणि ड्रममधला जाळ

कापूस संपला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, रानात ठेवता येत नाही. राहिलेल्या कवड्यांत, म्हणजे किडक्या-अर्धवट बोंडांत, गुलाबी बोंडअळी दडून बसते. म्हणून आमच्या परभणीकडं बहुतेक जण ती बांधावर पेटवून मोकळे होतात. मला ती राख बघवत नव्हती. बंद भांड्यात हवा न लागू देता तापवली तर तिचा कोळसा होतो, आणि तो शेणाच्या काल्यात मुरवून काळ्या रानात घालायचा, एवढंच डोक्यात होतं.

भंगारातून 200 लिटरचा लोखंडी ड्रम आणला, गोडेतेलाचा. फवारणीच्या औषधाचा ड्रम घ्यायचाच नाही. पेट्रोल-डिझेलचा रिकामा ड्रमही वेल्डरकडं कापायला नेऊ नका. आत राहिलेली वाफ भडका घेते. पऱ्हाटीचे वीतभर तुकडे गच्च भरले, झाकणाला पाइप बसवला, फटी माती-भुशाच्या चिखलानं लिंपल्या आणि ड्रम तीन दगडांवर ठेवून खाली तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ घातला.

पहिला दीड तास नुसती पांढरी वाफ. आतलं पाणी उडाल्याशिवाय पऱ्हाटी 100 अंशांच्या पुढं जातच नाही. मग पिवळट, डोळे झोंबणारा धूर सुरू झाला आणि पाइपाच्या तोंडातून आंबट वासाचं तांबडं पाणी अन् डांबर ठिबकू लागलं. चार तासांनी ड्रमचा तळ लालभडक झाला. झालं काम, असं वाटलं. सकाळी उघडला तर तळाशी आणि कडेनं कोळसा, मधोमध मात्र पऱ्हाटी नुसती तपकिरी, साल सुद्धा शाबूत.

वेल्डर म्हणाला, "भाऊ, पत्रा जाड पडला. पातळ घ्या." म्हणून 15 किलोच्या तेलाच्या डब्यात केलं. दुसऱ्याच भट्टीला डब्याच्या बुडाला भोक पडलं. जस्ताची बादली चुलत्यानं पुढं केली, ती मी घेतली नाही. जस्त 419 अंशांना वितळतं आणि त्याचा धूर छातीत जातो.

पत्र्याचा दोष नव्हताच. लोखंडातून उष्णता वाळल्या लाकडापेक्षा काहीशे पटींनी सहज जाते. ती अडते पऱ्हाटीत. त्यात भिंतीलगत आधी तयार झालेला कोळसा गोधडीसारखा आड येतो. शिवाय अंतर दुप्पट झालं की उष्णतेला आत पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. 200 लिटरच्या ड्रममध्ये कडेपासून मध्यापर्यंत जवळजवळ 28 सेंटिमीटर अंतर असतं, म्हणजे रात्रभर जाळ घातला असता तरी मधलं कच्चंच राहिलं असतं.

वाट आजीनं दाखवली. ती बिब्ब्याचं तेल काढायची. बिब्बे भरलेलं मडकं भोकाचं तोंड खाली करून खड्ड्यातल्या वाटीवर ठेवायचं आणि गवऱ्या रचायच्या. माझी चूल बघून ती म्हणाली, "आरं, खालून जाळ घालून काय व्हायलंय? भांडं लहान घे, अन् गवऱ्या चौफेर लाव." किती वर्षं ते डोळ्यांसमोर होतं, आणि मला दिसलं नव्हतं.

मग 60 लिटरचा ड्रम मोठ्या ड्रमच्या आत ठेवला. मध्ये चारी बाजूंनी चार-पाच बोटं जागा, तिथं तुराट्या. मोठ्या ड्रमच्या बुडाशी हवेला भोकं पाडली, बाहेरून विटा आणि मातीचा लेप. आतल्या ड्रमला वर झाकण घट्ट, बुडाला मात्र बोटभर सहा भोकं. ती कधीच बुजवायची नाहीत, नाहीतर डांबरानं वाट बंद होऊन ड्रम फुटेल. अर्ध्या तासानं आतला गॅस त्याच भोकांतून बाहेर पडून जाळाला लागला आणि तुराट्या घालायचं थांबवावं लागलं. पऱ्हाटी स्वतःच्याच गॅसवर भाजत होती! धूरही जवळजवळ नाहीसा झाला. हे सगळं उघड्या रानातच, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गॅसचा जाळ विझला की बुडाशी ओली माती लोटली आणि रात्रभर हात लावला नाही. गरम असताना उघडलं तर हवा लागून कोळसा पेट घेतो.

सकाळी 9 किलो पऱ्हाटीचा अडीच किलो कोळसा निघाला. मधली काडी मुद्दाम मोडून बघितली. आतपर्यंत काळी, आणि विटेवर टाकली की काचेसारखा खणखण आवाज.